उद्यमबागेतल्या एका युनिटमधले पांढरे डाग: वाळणाऱ्या थेंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग भागात हायड्रॉलिक पंपांचे सुटे भाग बनवणारे एक छोटे युनिट आहे. युनिटचे नाव, ग्राहकाचे नाव आणि भागाचा नंबर इथे मुद्दाम दिलेला नाही. भाग म्हणजे तळहातावर मावेल एवढे ॲल्युमिनियमचे गोल कव्हर. एका बाजूला सपाट सीलिंग फेस, त्यात ओ-रिंगची खाच, कडेला बोल्टची भोके आणि आतल्या बाजूला आटे पाडलेली दोन बंद भोके. कव्हरला ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने चढवलेला ऑक्साइडचा थर) किंवा रंग नाही. सीएनसीवरून (संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्रावरून) उतरलेला चकचकीत पृष्ठभाग तसाच ग्राहकाकडे जातो.

मशिनिंगनंतर बर (कडेला राहिलेली धातूची धारदार कुसळे) काढायची, मग जॉब, म्हणजे ही कव्हरे, जाळीच्या बास्केटमध्ये रचून पहिल्या टाकीत बुडवायचे. या टाकीत अल्कधर्मी क्लीनरचे गरम द्रावण असते. दुसऱ्या टाकीत साध्या पाण्याने खंगाळायचे, थोडा वेळ निथळू द्यायचे, गरम हवेच्या ओव्हनमध्ये वाळवायचे आणि पॅकिंग टेबलावर पिशव्यांत भरायचे. कामगार येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी अशा आसपासच्या गावांतून येतात. शॉपमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही चालते, एकाच वाक्यातसुद्धा.

पाण्याची गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाचे आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचे पाणी मिळते. घाटमाथ्याच्या पावसाचे हे पाणी क्षारांच्या बाबतीत हलके असते. युनिटमधल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, मीटरवर लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत दिसत असे. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येऊ लागले की युनिट बोअरच्या पाण्यावर जायचे. बोअरचे पाणी मीटरवर 600च्या घरात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 500 मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000पर्यंत मुभा आहे. म्हणजे बोअरचे पाणी काही भयंकर नव्हते, माणसे ते पीतही होती. फक्त व्हॉल्व्ह फिरवून नळावरून बोअरवर गेल्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

अडचण

मार्चअखेरीस पुण्याच्या ग्राहकाने एक लॉट परत पाठवला. सीलिंग फेसवर पांढरट गोल डाग होते, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान. शेऱ्यात लिहिले होते ‘गंज’. ग्राहकाची भीती अनाठायी नव्हती. हायड्रॉलिक तेलात मायक्रॉनच्या मापाचे कण गेले तरी स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) आणि तो ज्यात सरकतो ते भोक यांच्यातल्या अरुंद फटीत ते खरवडत राहतात. डागाची पांढरी भुकटी नखाने सुटत असेल, तर ती तेलात जाणारच.

पहिली धावपळ

मालकांनी आधी कुलंटवर (मशिनिंग करताना थंडाव्यासाठी सोडल्या जाणाऱ्या द्रवावर) संशय घेतला आणि ब्रँड बदलला. डाग तसेच. मग सुपरवायझरने ओव्हनचे तापमान वाढवले. ओल राहते म्हणून डाग पडतो, लवकर वाळले की सुटेल, असा त्याचा हिशेब. डाग कमी झाले नाहीत, उलट कडा जास्त ठसठशीत दिसू लागल्या. त्याच आठवड्यात कोणीतरी क्लीनरचे प्रमाण जवळपास दुप्पट केले. आता गोल डाग होतेच, शिवाय सगळ्या फेसवर एक धुरकट झाक आली. ॲल्युमिनियमसाठीच्या पुष्कळ क्लीनरमध्ये सिलिकेट असते. अल्कलीपासून धातूचा बचाव करायचे काम ते चोख करते, पण धुऊन जाण्याआधी पृष्ठभागावर वाळले तर चिवट थर धरून बसते आणि नंतर पाण्याने निघत नाही.

तीन बदल एकावर एक झाले आणि कोणत्या बदलाने काय झाले हे सांगणे अवघड होऊन बसले. पृष्ठभागांचे दोष बघायचे काम मी करतो, म्हणून या टप्प्यावर मला बोलावणे आले. मालकांचा पहिला प्रश्न होता, “डागात काय आहे ते लॅबमध्ये तपासून मिळेल का?” मिळाले असते. पण त्याआधी डाग कुठे आहे आणि कसा दिसतो, हे कोणी नीट पाहिलेच नव्हते.

कोणी नाही, असे म्हणणेही बरोबर नाही. पॅकिंगला बसणाऱ्या एका मावशींनी ते कधीच पाहिले होते. “वर तोंड केलेल्या जॉबवरच डाग पडूलालेत की,” असे त्या म्हणाल्या आणि पुन्हा पिशव्या भरू लागल्या. सुपरवायझरला हे त्यांनी आधीही सांगितले होते. हिरवट काळा पडलेला कुलंट बघण्याच्या नादात त्यांचे बोलणे राहून गेले.

डागाचा आकार

टेबलावर पन्नासेक जॉब मांडून तिरप्या उजेडात पाहिले. उभ्या भिंतींवर डाग जवळजवळ नव्हतेच. आडव्या, वर तोंड केलेल्या फेसवर गोल डाग होते, आणि भोकांच्या खालच्या ओठाशी अर्धगोल. प्रत्येक गोलाची कड जाड पांढरी, मधला भाग जवळपास स्वच्छ. काहींत एकात एक दोन-तीन वर्तुळे होती. गंज असा वागत नाही. धातूतून उगवणारा डाग उभ्या-आडव्याचा भेद करत नाही. हाताळल्याचे ठसे, मिश्रधातूतला फरक, ओरखडे अशा गोष्टींच्या मागे तो जातो आणि त्याला कंपासने काढल्यासारखी कड नसते.

मग व्हिनेगरचा एक थेंब कडेवर टेकवून भिंगाखाली पाहिले. बारीक बुडबुडे आले आणि कड बरीचशी विरली, म्हणजे त्यात चुना होता, कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यातले बायकार्बोनेट तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना खाली बसतो. गिझरच्या कॉइलवर चढतो तोच हा थर. विरल्यानंतरही बांगडीसारखे एक पुसट कडे उरले, ते बहुधा क्लीनरचे सिलिकेट. डागाखालची धातू मात्र शाबूत होती, मशिनिंगच्या रेषा डागाच्या आतून सलग जात होत्या. ‘गंज’ हा शेरा इथेच खोडला गेला.

तिसरी चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी ठरली. स्वच्छ काचेच्या पट्ट्या काळ्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ठेवून ड्रॉपरने सारखे थेंब टाकले: नळाचे पाणी, बोअरचे पाणी, खंगाळण्याच्या टाकीतले सकाळचे पाणी, त्याच टाकीतले संध्याकाळचे, क्लीनरचे द्रावण आणि गॅरेजमधून आणलेले बॅटरीचे पाणी, म्हणजे बॅटरीत भरायचे क्षार काढलेले पाणी. सावलीत वाळू दिले. बॅटरीच्या पाण्याचा थेंब जवळजवळ काहीच न ठेवता गेला. नळाच्या पाण्याने पुसट रेघ ठेवली, बोअरच्या पाण्याने स्पष्ट कडे. संध्याकाळच्या खंगाळण्याच्या पाण्याने बोअरपेक्षाही जाड कडे ठेवले, कारण दिवसभर प्रत्येक बास्केट पहिल्या टाकीतले थोडे क्लीनर आपल्या अंगावर घेऊन दुसऱ्या टाकीत उतरत होती. जॉब ज्या पाण्यातून बाहेर येत होते ते खंगाळण्याचे पाणी उरलेच नव्हते.

थेंब वाळतो तेव्हा

एवढ्याशा क्षाराचा एवढा ठळक डाग कसा पडतो, हे मालकांना पटेना. त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. 50 मायक्रोलिटरचा थेंब धरा, फेसवर त्याचा व्यास साधारण 8 मिलिमीटर होतो. पाण्यात लिटरला 600 मिलिग्रॅम क्षार, म्हणजे या थेंबात 0.03 मिलिग्रॅम. हा क्षार थेंबाच्या सगळ्या जागेवर सारखा पसरला असता तर थराची जाडी पाव मायक्रॉनच्या आसपास राहिली असती आणि डोळ्याला तो क्वचितच जाणवला असता. तोच क्षार 0.2 मिलिमीटर रुंदीच्या कडेत गोळा झाला तर जाडी दहापट, अडीच मायक्रॉनच्या जवळ जाते. एवढ्या जाडीचे ओबडधोबड स्फटिक उजेड विखुरतात आणि पांढरे दिसतात.

क्षार कडेलाच का जातो, याचे उत्तर रॉबर्ट डीगन आणि शिकागो विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये दिले. कॉफीच्या सांडलेल्या थेंबाला गडद कड का येते, हा त्यांचा प्रश्न होता. थेंबाची कड पृष्ठभागावरच्या खडबडीला अडकून जखडली जाते, त्यामुळे थेंब वाळताना आक्रसत नाही, जागच्या जागी चपटा होत जातो. बाष्पीभवन कडेला सगळ्यात जोरात चालते, कारण तिथून वाफेला सुटायला जास्त मोकळी जागा मिळते. कडेचे उडालेले पाणी भरून काढायला मधले पाणी बाहेरच्या दिशेने वाहते आणि सोबत जे काही असेल ते वाहून नेते. थेंब संपत आला की हा प्रवाह वेगवान होतो, शेवटच्या बसला उडते तशी कडेला झुंबड उडते. कड थोडी सुटून आत सरकली आणि पुन्हा अडकली, की आतले दुसरे वर्तुळ पडते. डीगन यांनी थेंबावर झाकण ठेवून त्याला फक्त मध्यभागी बारीक भोक ठेवले, तेव्हा कडेचे बाष्पीभवन दबले आणि कडे तयार झाले नाही. त्यांचे प्रयोग पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर होते. विरघळलेल्या क्षाराच्या बाबतीत स्फटिक कधी आणि कुठे धरतात हाही मुद्दा येतो, पण कडेकडे ओढणारा प्रवाह तोच.

(टेबलावर कप ठेवल्यावर उमटणारे वर्तुळ वेगळे. तो बहुतेक कपाच्या बुडाचाच आकार असतो. सांडलेल्या सुट्या थेंबाकडे पाहावे.)

कडे मोडायचे दुसरेही मार्ग आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीटर युंकर आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवले, की गोल कणांऐवजी लांबट कण घेतले तर ते पाण्याच्या पृष्ठभागावरच एकमेकांत अडकतात आणि डाग बऱ्यापैकी सारखा पसरतो. पृष्ठताणातल्या फरकामुळे थेंबात उलटे भोवरे उठले तरी कण मध्याकडे येतात. या प्रवाहाला इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांचे नाव आहे. शाई, छपाई, वैद्यकीय चाचण्या यांत याचा उपयोग आहे. उद्यमबागेतल्या टाकीत क्षाराचा आकार आपल्या हातात नव्हता. तिथे दोनच गोष्टी हातात होत्या: थेंबात काय आहे, आणि थेंब जॉबवर राहतो की नाही.

पर्याय

सगळ्यात आधी पुढे आला तो सॉफ्टनर. पाण्याची यंत्रे विकणाऱ्या एकाने दर सांगितला होता, आरओपेक्षा बराच कमी, आणि मालक ॲडव्हान्स द्यायच्या बेतात होते. या प्रकरणातला कळीचा निर्णय मला हाच वाटतो. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो. टाकीत चुना बसणार नाही हे खरे, पण पाण्यातला एकूण क्षार जवळजवळ तेवढाच राहतो. डाग चुन्याऐवजी सोडियमच्या क्षारांचा पडेल, ओल्या फडक्याने निघेल, पण पडेल. मीटरवर सॉफ्टनरच्या आधीचे आणि नंतरचे टीडीएस सारखेच दिसतात, हे त्या विक्रेत्याच्याच नमुन्यावर दाखवल्यावर विषय संपला.

डीएम प्लांट, म्हणजे रेझिनमधून सगळे आयन काढणारा, सर्वांत शुद्ध पाणी देतो. पण रेझिन पुन्हा ताजे करायला आम्ल आणि कॉस्टिक लागते, ते हाताळायला शिकलेला माणूस लागतो आणि सांडपाण्याची सोय लागते. एवढ्या छोट्या युनिटला तो पेलणारा नव्हता. आरओ मधला मार्ग. त्याची खोट म्हणजे नाकारले जाणारे पाणी. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शॉपमध्ये पाणी गटारात सोडलेले कोणाला बघवणार?

डाग पडू नयेत म्हणून खंगाळण्याच्या पाण्यात ओलावा पसरवणारे रसायन घालता येते. थेंब न राहता पाण्याचा सलग पापुद्रा होऊन तो निथळतो. पण त्याचा स्वतःचा अंश पृष्ठभागावर राहतो आणि त्यासाठी ग्राहकाची लेखी मंजुरी लागली असती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हाताने पुसणे तात्पुरते शक्य होते. अडकलेला लॉट तसाच सोडवला, आधी सौम्य आम्लाने डाग काढून, धुऊन, मग पुसून. कायमचा उपाय म्हणून ते नको होते: मजुरी वाढते, फडक्याचे धागे खाचेत अडकतात आणि ओव्हनशेजारी ज्वलनशील द्रव येतो.

उरले दोन बिनखर्चाचे, म्हणून कोणी गंभीरपणे न घेतलेले उपाय: जॉब तिरपे ठेवणे आणि ओव्हनआधी हवेने पाणी उडवणे.

काय केले

मालकांना आरओपासून सुरुवात करायची होती, मला बास्केटपासून. थोडा वाद झाला. शेवटी ठरले, की एक बदल, एक लॉट, मग मोजणी, मग पुढचा बदल.

शॉपमध्येच पट्ट्या वाकवून बास्केटमध्ये खाचा केल्या, म्हणजे प्रत्येक कव्हर तिरपे उभे राहील आणि सीलिंग फेसवर पाणी थांबणार नाही. फेसवरचे बहुतेक गोल डाग एवढ्यानेच गेले. मावशींचे निरीक्षण इथे कामी आले. खालच्या ओठाशी साचणाऱ्या पाण्याचे अर्धगोल आणि खाचेतले डाग उरले. त्यासाठी निथळल्यावर हवेची गन आली. गन लावण्याआधी लाइनवर तेल आणि पाणी धरणारा फिल्टर बसवावा लागला, कारण कॉम्प्रेसरच्या हवेसोबत आलेले तेल फेसवर मारले असते तर एक डाग घालवून दुसरा आणल्यासारखे झाले असते.

त्यानंतर छोटा आरओ आणि तिसरी टाकी. तिसऱ्या टाकीत आरओचे पाणी, तिचे ओसंडलेले पाणी दुसऱ्या टाकीत, दुसऱ्याचे पहिल्या टाकीची भरपाई करायला. पाणी एका दिशेने आणि जॉब उलट्या दिशेने जातात, त्यामुळे कमी पाण्यात शेवटचे खंगाळणे स्वच्छ राहते. नाकारलेले पाणी फरशी आणि संडासासाठी वळवले. ते पहिल्या टाकीत घालावे असा आग्रह झाला होता. हीटरवर चुना चढेल म्हणून ते टाळले. ओव्हनचे तापमान आणि क्लीनरचे प्रमाण पूर्वीच्या जागी आणले.

टाकीचे पाणी कधी बदलायचे, हा नियम आधी ‘दर दोन दिवसांनी’ असा होता. त्याऐवजी मीटरचा आकडा ठरवला: तिसरी टाकी 50च्या वर गेली की ताजे पाणी वाढवायचे, 100ला गेली की काम थांबवायचे. तक्ता कन्नड आणि मराठी दोन्हींत लावला, पण ऑपरेटर प्रत्यक्षात बघतात ते मीटरशेजारच्या हिरव्या, पिवळ्या, लाल पट्टीकडे.

परिणाम

मे महिन्यात बोअरचेच पाणी असूनही सीलिंग फेसवरची कडी थांबली आणि ग्राहकाने शेरा मागे घेतला. बंद आट्यांच्या भोकांनी मात्र बराच त्रास दिला. आत अडकलेले पाणी ओव्हनमध्ये तापून वर चढायचे आणि भोकाच्या तोंडाशी कडे सोडून जायचे. लांब सुईसारखा नोझल आणला, दोन्ही भोकांत वेगळी हवा मारायची सक्ती केली, तेव्हा ते आटोक्यात आले. पूर्ण गेलेले नाहीत.

जुलैत पाऊस लागला, नळाला भरपूर पाणी आले आणि आरओ बंद झाला. नळाचे पाणी चांगलेच होते, त्यामुळे हे चालून गेले. पण त्यासोबत ओसंडून वाहणारा प्रवाहही बंद झाला, आणि आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या लॉटवर पुन्हा पुसट कडी दिसली. दुसऱ्या टाकीत साठलेले क्लीनर तसेच पडून होते, पाणी उडून ते आणखी घट्ट झाले होते. पॅकिंगवर ते पकडले गेले, ग्राहकापर्यंत पोचले नाही. त्यानंतर सुट्टीनंतर मीटर न लावता पहिली बास्केट बुडवायची नाही, असे ठरले.

वेगळे काय करता आले असते

परत आलेल्या पहिल्या लॉटचे फोटो तिरप्या उजेडात काढून ठेवले असते तर कुलंट बदलायचा खर्च वाचला असता. डाग उभ्या भिंतीवर नाहीत, हे फोटोतही दिसले असते. काचेच्या पट्टीची चाचणी पहिल्याच दिवशी करता आली असती, तिला ड्रॉपर, बॅटरीचे पाणी आणि थोडा धीर एवढेच लागते. तापमान आणि क्लीनर एकाच आठवड्यात बदलल्यामुळे जी धुरकट झाक आली, तिने खऱ्या डागाकडचे लक्ष कितीतरी दिवस दुसरीकडे नेले.

आरओ खरोखर लागला असता का, याबद्दल मालकांचे आणि माझे अजून एकमत नाही. माझ्या मते तिरप्या बास्केट, हवा आणि नीट वाहते खंगाळणे एवढ्यावर नळाच्या पाण्याचे महिने निभतात, आरओ बोअरच्या महिन्यांपुरता. मालकांना तो वर्षभर चालवायचा आहे, कारण ऑपरेटर बदलतात आणि आरओ बदलत नाही. त्यांचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही.

दरम्यान ग्राहकाने याच कव्हरला काळे ॲनोडायझिंग मागितले आहे. काळ्या पृष्ठभागावर पाव मायक्रॉनचा थरही लपत नाही, आणि ॲनोडायझिंगच्या शेवटी थराची सूक्ष्म छिद्रे बुजवणाऱ्या उकळत्या टाकीतून जॉब बाहेर काढला की पाणी काही क्षणांत वाळते, हवेची गन हातात घ्यायलाही वेळ मिळत नाही. ते काम बाहेर देणार आहेत. देण्याआधी त्या प्लेटिंगवाल्याच्या शेवटच्या टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर वाळवून आणा, एवढे मालकांना सांगून ठेवले आहे.